पुस्तकाचं कुलूप

पडेगावच्या सुमय्याला दिसत नाही. मोबाइल मोठ्यानं वाचून दाखवतो, ते ऐकतच ती वकिलीचा अभ्यास करते. परीक्षेसाठी तिनं ई-पुस्तक विकत घेतलं, तर ते मोबाइलला वाचूच देईना. "कॉपीराइटमुळे या पुस्तकाला आवाजाची परवानगी नाही," कंपनीनं कळवलं.

चार वेळा विनंती करून थकल्यावर सुमय्यानं स्वतःच ते डिजिटल कुलूप तोडलं, दोन दिवसांत अख्खं पुस्तक ऐकलं आणि तसं कंपनीला कळवायला बसली.

"बेटा, नाम-पत्ता कायको लिखरी? केस करेंगे वो लोगां," अम्मी धास्तावून म्हणाली.

"करने दो," म्हणत सुमय्यानं शेवटची ओळ लिहिली.



"नोटीस जरूर पाठवा, फक्त मला ऐकता येईल अशी पाठवा."