पुढच्या सीटचा बेल्ट

रघू म्हात्रेंच्या गाडीतला इंजिनाशेजारचा फ्यूज बॉक्स उंदरांनी कुरतडला. विठ्ठलवाडीच्या रत्नदीप मेकॅनिकने तो काढून अपघात होऊन भंगारात निघालेल्या एका गाडीचा बॉक्स बसवला. हॉर्न वाजला, एसी लागला, रघूशेठ खूश झाले.

पण गॅरेजबाहेर पडताच शेजारच्या सीटचा बेल्ट लावा म्हणून टूं टूं सुरू झालं. त्या सीटवर माणूस नव्हता, साधी पिशवीसुद्धा नव्हती. रघूशेठनी वैतागून रत्नदीपला फोन लावला.

“फ्यूज बॉक्सचा त्याच्याशी काय संबंध, शेठ? तुम्ही तुमचा बेल्ट पाठीमागून अडकवता ना, तसा तोपण अडकवून टाका.”

असल्या फसवाफसवीत रघूशेठचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी बेल्ट ओढून खटकन अडकवला आणि टूं टूं थांबलं. मात्र रिकाम्या सीटला चिकटायचं सोडून पट्टा चांगला ढेरीएवढा पुढे फुगून राहिला.

“जाम झालाय,” असं मोठ्याने म्हणून त्यांनी कळव्यापर्यंत तिकडे मान वळवली नाही.

कळव्याला बिल्डिंगखाली त्यांची बायको समृद्धी उभी होती. पुढच्या सीटवरचा हक्क तिने सासूसाठीही कधी सोडला नव्हता. तिने पुढचं दार उघडलं, थबकली, ओढणी सारखी केली आणि दार अलगद लावून निमूट मागे जाऊन बसली.

“अगं, पुढे बस ना!” रघूशेठ ओरडलेच.

“हळू बोला हो,” ती कुजबुजली. “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.”