फोटोतली मालकीण

सरकारी धोरणापायी आमच्या जोहान्सबर्गच्या कंपनीनं काळ्या कामगारांना शेअर दिले, म्हणून बँकेनं कंपनीच्या कर्जावरचं व्याज उतरवलं. पॅकिंग खात्यातल्या थोकोझिले मावशींचा फोटो पेपरात आला, खाली 'नव्या मालकीणबाई'. शेअर दहा वर्षं विकता येणार नव्हते आणि हातात अजून एक रँडही पडला नव्हता.

मावशींचा भाऊ मावशींच्या मुलाच्या लग्नासाठी, तिकडच्या रिवाजाप्रमाणे मुलीकडच्यांना द्यायच्या गाई ठरवायला गेला, तो तोंड पाडूनच परतला. "ताई, आठात जमत होतं. तेवढ्यात मुलीच्या मामानं खिशातून तुझा फोटो काढला. म्हणाला, मालकीणबाईंच्या घरून बारा हव्यात."

मावशी तडक साहेबांकडे गेल्या. "लग्न होईपर्यंत मला मालकीतून काढा."

 

"मावशी, असं आपल्यापुरतं बघू नये," साहेब म्हणाले. "तुम्ही निघालात तर आमचं व्याज चढेल."