जेवलेले उठल्याबिगर

सिहोरा गावातल्या लग्नात रंजू पंगतीतच मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिचा प्रोग्राम चाळीस लाख नोंदींची फाइल एकेक करत वाचायचा, पण अर्ध्यावर मेमरी तुडुंब भरून बंद पडायचा. दुपारी दोनपर्यंत या नोंदींवरची गिऱ्हाइकाची वेबसाइट चालली नाही, तर काम हातचं जाणार होतं.

वांग्याच्या भाजीची बादली घेऊन रेवतामामी वाकल्या. “अवं पोरी, जेवलेले उठल्याबिगर नवे कुठी बसतीन?”

रंजूने कपाळावर हात मारला. वाचलेली नोंद मेमरीतून उठवायचीच राहिली होती! तिने एक ओळ लिहिली आणि फाइल पाटाच्या पाण्यासारखी झुळुझुळु वाहू लागली.

“मामी, तुमाले कॉम्प्युटरचं कसं समजलं वं?”

“मले कायचं समजते? तुही पत्रावळ सुकून राहिली. ऊठ, दुसरी पंगत कवाची उभी आहे!”