सलग दहा

तिसरी गोळी सुटली आणि रायफल पुन्हा अडकली. रिकामी पुंगळी अर्धी आत, अर्धी बाहेर. वेंडेलने ती नखाने उपटून काढली आणि कुणाकडे न बघता खिशात टाकली.

"तीनपर्यंत मजल गेली, दाजी," मागून क्लीट म्हणाला. "प्रगती आहे!"

क्लीट म्हणजे वेंडेलच्या बायकोचा, मर्नाचा, धाकटा भाऊ. जीभ आवरणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. उद्या ईस्टर. टेकडीच्या पायथ्याशी, नेमबाजी क्लबच्या पत्र्याच्या छपराखाली, सात-आठ म्हातारे कॉफीचे पेले घेऊन वेंडेलची फजिती बघायला आपणहून जमले होते. खारीच्या शिकारीसाठी ही छोटी रायफल त्याने हिवाळाभर खपून स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतः जुळवली होती. चाप ओढला की गोळी सुटावी, पुंगळी उडावी, पुढची गोळी आपोआप जागेवर यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. तिच्यापायी नवरा-बायको नोव्हेंबरपासून मांडीवर ताटं घेऊन जेवत होते. शेवटी वेंडेलने शब्द दिला होता, तोही क्लीटसमोर: ईस्टरच्या आत सलग दहा गोळ्या सुटल्या नाहीत, तर रायफल खोक्यात भरायची आणि खोकं क्लीटला देऊन टाकायचं.

"स्प्रिंग बदल," एक म्हातारा म्हणाला.

"दोनदा बदलली."

"तेल कमी पडतंय."

"कमी कसलं? जास्त झालंय!" दुसरा म्हणाला, आणि त्या दोघांचंच जुंपलं.

गोळ्या भरायची मॅगझिन चार वापरून झाली होती. कुठलं दगा देतं ते कळावं म्हणून मर्नाच्या लाल नेलपॉलिशने त्यांच्यावर आकडेही घातले होते. चारही सारखीच दगा देत होती.

"नाचता येईना अंगण वाकडं," क्लीट म्हणाला. "सरका, दाजी. बघू द्या मला."

क्लीट बसला. दहा वेळा चाप ओढला, दहा गोळ्या सुटल्या. दहा पुंगळ्या उजवीकडे गवतात एकाच ठिकाणी जाऊन पडल्या.

छपराखाली हसू फुटलं. वेंडेलही हसला, पण त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. पोटच्या पोराने शेजाऱ्याला बाबा म्हणावं, तसलं दुःख.

"खोकं जरा चांगलं बघून आणा हं," क्लीट म्हणाला.

"अजून एकदा," वेंडेल म्हणाला. "शेवटचं."

रायफलची नळी वाळूच्या पिशवीवर टेकवून तो बसला. मर्ना ऊन बघून उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसली होती आणि क्लबच्या डब्यात पुंगळ्या गोळा करत होती. पहिली गोळी सुटली. दुसरीला रायफल अडकली.

मर्नाने डबा खाली ठेवला.

"वेंडेल, बोट दाखव."

त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं नख नाताळपासून काळंनिळं होतं.

"स्क्रू पिळताना लागलं ते."

"कधी?"

"लागलं असेल कधीतरी."

"हातावर बस."

"काय?"

"उजवा हात मांडीखाली घाल, वेंडेल, आणि त्याच्यावर बस."

वेंडेल डावखुरा. पण बापाची जुनी रायफल उजव्या हाताच्या माणसांसाठी केलेली, आणि पन्नास वर्षं त्याने तीच चालवली होती. चाप डाव्या हाताने ओढायचा आणि गोळी सुटली की बोल्टची, म्हणजे पुंगळी बाहेर काढणाऱ्या दांड्याची, मूठ उजव्या हाताने मागे खेचायची. त्यासाठी उजवा हात आधीपासूनच मुठीवर तयार बसलेला. आता या नव्या रायफलीची मूठ आपली आपण मागे येत होती, आणि तो इमानी हात दर दोन-तीन गोळ्यांमागे एकदा तिच्या वाटेत उभा राहून पुंगळी अडकवत होता. पन्नास वर्षांत हाताने मालकाला विचारणं सोडून दिलं होतं.

वेंडेल हातावर बसला. चांगल्या पोराला मास्तरांनी शिक्षा करावी, तसं त्याचं तोंड झालं होतं. म्हातारे मोठ्याने मोजायला लागले. सातला क्लीटचाही आवाज त्यात मिसळला. दहावी पुंगळी उडून मर्नाच्या डब्यावर टणकन आपटली, आणि छपराखाली टोप्या उडाल्या.

"म्हणजे हिवाळाभर एकच भाग नादुरुस्त होता," क्लीट डोळे पुसत म्हणाला, "आणि तो सुटा मिळत नाही!"

वेंडेलने त्याला मिठीच मारली. मग मर्नाकडे वळला.

"मला नाही कळलं, क्लीटला नाही कळलं. तुला कसं कळलं?"

"चल, घरी जाताना दाखवते."

रायफल मागच्या सीटवर ठेवून दोघं निघाले. पिकअप गाडी त्यांनी नऊ वर्षांपूर्वी घेतली होती, स्टीअरिंग डावीकडे, आपोआप गिअर बदलणारी. गिरणीजवळच्या सिग्नलला वेंडेलने ब्रेक दाबला, आणि त्याचा उजवा हात सीटच्या मधोमध खाली आला, जुन्या गाडीतली गिअरची दांडी शोधत.

दांडी तिथे नव्हती. मर्नाचा हात होता. दर सिग्नलला असायचा. वेंडेलने आज पहिल्यांदाच तिकडे नीट पाहिलं. तिचा तळवा वर होता, आधीपासून वाट बघत असल्यासारखा.

"नऊ वर्षं!" तो म्हणाला. "एकदा तरी बोलायचंस."

मर्नाने बोटं मिटली.

"इथे कुठे काय अडकतंय?"