कानाला मऊ

"रोज लावण्याजोगो होयो, कानाक मऊ," सत्यवान म्हणाला. "आणि भायलो आवाज अजिबात येवक नको."

कुडाळच्या मोबाइलच्या दुकानातल्या पूजाने तीन हेडफोन काढून मांडले.

धामापूरहून तो मुद्दाम आला होता. बायको मथुरा गणपतीच्या तोंडावर वारली. तेव्हापासून रोज सकाळी रिकाम्या स्वयंपाकघरातून नारळ खवल्याचा आवाज येई. खवायचा आडाळा त्याने बहिणीला देऊन टाकला, तरी येई. मथुरा असताना खवून झालं की हाक मारायची आणि तळाशी थोडं खोबरं राखलेली नारळाची वाटी त्याच्या हातात द्यायची. आता नुसतं खवणं चाले, हाक काही येत नसे. तेच त्याला सोसवेना.

पहिला हेडफोन चष्म्याच्या काड्यांवर दाबत होता. दुसऱ्याने कान तापले. तिसरा उशीसारखा बसला. पूजाने बटण दाबलं. रस्त्यावरच्या रिक्षा विरल्या, पंखा विरला, तिचे हलणारे ओठही मुके झाले.

मग अगदी कानाशी खवणं सुरू झालं.

त्याने हेडफोन ओढून काढला. "ह्यात आवाज येता गो!"

"येवचो नाय, काका. मोबाइल जोडलोच नाय अजून." तिने स्वतःच्या कानांना लावून पाहिला. तिच्या कपाळावर आठी पडली.

"कोणतरी नारळ खवता," ती हळूच म्हणाली. "थांबला आता."

तिने हेडफोन उतरवून त्याच्यापुढे धरला.

"काका, बायलमाणूस आसा. वाटी घेवा म्हणता."