क्षमेची रांग

“कशाबद्दल?” किलिनाने विचारले.

ओदार्का वाकलेलीच राहिली. हाताची बोटे चर्चच्या फरशीला टेकवून तिने नुकतेच “मला क्षमा कर” म्हटले होते. उत्तर ठरलेले होते: देव तुला क्षमा करो, आणि मीही करते. उद्यापासून मोठा उपवास, ईस्टरपर्यंत सात आठवडे दूध-अंडी वर्ज्य. तो धरण्याआधी, आदल्या रविवारी संध्याकाळी सगळ्या गावाने एकमेकांची क्षमा मागायची. भिंतीलगत उभ्या असलेल्या प्रत्येकापुढे वाकायचे, गालाला गाल लावायचा, पुढे सरकायचे, आणि शेवटी त्याच रांगेत जाऊन उभे राहायचे. पाद्रीबाबांपासून गिरणीवाल्याकडच्या दोन्ही जावांपर्यंत ओदार्काला वीसेक जणांनी क्षमा केली होती. कशाबद्दल, म्हणून कुणी विचारले नव्हते. तसे कुणी विचारतच नाही.

“सगळ्याबद्दल,” ओदार्का म्हणाली.

“सगळं म्हणजे काय गं? एवढं काय केलंयस तू माझं?”

मागची रांग थांबली. लोहार मागूनच म्हणाला, बायांनो आटपा, घरी पनीरच्या करंज्या उरल्यात, आज संपल्या नाहीत तर उद्या डुकराला जातील. दोघीचौघी हसल्या. किलिना हसली नाही. रागावलेलीही दिसत नव्हती. ती नुसती उत्तराची वाट बघत होती.

गेल्या वर्षीच्या उपवासात, तिसऱ्या आठवड्यात, किलिनाच्या धुराड्यातून अंडी तळल्याचा वास आला होता. दोघींच्या अंगणांच्या मध्ये एकच कुंपण, तेही विरळ. ओदार्काने तो वास पाद्रीबाबांच्या कानावर घातला. वेदीवर प्रसादासाठी लागणारी भाकर भाजण्याचा मान तेव्हा किलिनाकडे होता. अकरा वर्षे ती दर शनिवारी ते पीठ मळत आली होती. उपवासात अंडी फोडणाऱ्या हातांनी ती भाकर मळलेली चालते का, एवढेच ओदार्काने विचारले होते. किलिनाचा नवरा पानास नाताळापासून अंथरुणाला खिळलेला होता, हे तिला ठाऊक होते. आजाऱ्याला उपवास नसतो, हेही ठाऊक होते. पाद्रीबाबा गावात नवे. त्यांना हे दोन्ही सांगायचे तिने राहू दिले. पुढच्या शनिवारी पिठाचे पोते आणि भाकरीवर उठवायचा, क्रूस कोरलेला लाकडी ठसा ओदार्काच्या घरी आला. पाद्रीबाबांपुढे आपली बाजू मांडायला किलिना गेली नाही. ईस्टरच्या आधीच पानास गेला.

आता ओदार्काच्या पाठीत कळ येऊ लागली. सरळ उभे राहून पुढे सरकता आले असते. लोकांनी म्हटले असते, किलिनाचं डोकं फिरलंय, नवरा गेल्यापासून अशीच वागते. ओदार्काला तेही सुचून गेले, आणि सुचले म्हणून तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“अंड्यांच्या वासाबद्दल,” ती फरशीकडे बघत म्हणाली. आवाज बेताचाच होता, पण त्या घुमटाखाली कुजबुजही लपत नसे. “पानाससाठी होती, मला माहीत होतं. तरी सांगितलं. मला ती भाकर भाजायची होती.”

आता कुणी हसले नाही. रांगेच्या टोकाला पाद्रीबाबा आपल्या बुटांकडे बघत राहिले.

“दोन घास खाल्ले त्याने,” किलिना म्हणाली. “मग म्हणाला, उरलेलं तू खा, तुझ्या अंगात तरी ताकद राहू दे. मी नाही खाल्लं. उपवास होता ना. कुत्र्याला घातलं.”

मग म्हणाली, “देव तुला क्षमा करो.”

ओदार्का पुढच्या अर्ध्या वाक्यासाठी थांबली. ते आले नाही. किलिनाने तिच्या कोपराला हात देऊन तिला उठवले, गालाला गाल लावला, आणि आपल्या शेजारी उभे राहायला जागा करून दिली.

ओदार्काच्या मागे तिची सून होती, हान्ना. ती किलिनापुढे वाकली. “देव तुला क्षमा करो, आणि मीही करते,” किलिना म्हणाली. पुरते वाक्य ओदार्काने शेजारी उभे राहून ऐकले.

मग हान्ना तिच्यापुढे आली. फुटलेला माठ, करपलेला रस्सा, उलटून दिलेले उत्तर, वर्षभराचे सगळे आठवत ती दरवर्षी सासूपुढे वाकत असे, आणि सासू दरवर्षी मोठ्या मनाने क्षमा करून टाकत असे.

“आई, मला क्षमा करा.”

ओदार्काने तोंड उघडले. शब्द फुटला नाही. देवाचे नाव तरी कसेबसे घेता आले असते. त्यापुढचे “मीही करते” कोणत्या तोंडाने म्हणायचे, ते तिला कळेना. मागे पुन्हा रांग थांबली. वाकलेल्या हान्नाची मान लाल होत गेली. चारचौघांत सासू आपल्याला क्षमा करत नाही, असेच तिला वाटले असणार.

“आई?” ती हळूच म्हणाली.

शेजारून किलिनाने हान्नाच्या डोक्यावर हात ठेवला. ओदार्काकडे तिने पाहिले नाही.

“देव तुला क्षमा करो, पोरी,” ती म्हणाली, “आणि हीही करते. ऊठ आता. तुझ्या सासूचा घसा बसलाय.”