बोलक्यांचा डबा

बरणीचं झाकण उघडलं आणि बेकरीच्या मालकांच्या मुलीची पाचावर धारण बसली. खमिरावर हिरवी बुरशी चढली होती. नेहमीच्या आंबूस वासाऐवजी नाकात कुबट भपकारा शिरला.

सकाळचे सात वाजले होते. संध्याकाळी पाच वाजता अर्धं गाव बेकरीत जमणार होतं.

जमणार होतं ते बोलक्यांची आठवण काढायला. त्यांनी या बेकरीत एकेचाळीस वर्षं पीठ मळलं, आणि दिवसाकाठी दहा शब्द बोलले असतील तर शपथ. म्हणून तर गावानं त्यांना बोलके म्हणायला सुरुवात केली. आठ दिवसांपूर्वी ते झोपेतच गेले, तेही कुणाला हाक न मारता. तेव्हापासून दुकान बंद होतं. "खमिराला रोज पीठ-पाणी घाल," असं बाबांनी मुलीला बजावलं होतं. तिनं पहिल्या दिवशी घातलं. मग रडण्यात आणि आजच्या धावपळीत ती साफ विसरली.

हे काही साधंसुधं खमीर नव्हतं. आजोबांनी दुकान काढलं तेव्हाचं, रोज थोडं वापरून, थोडं वाढवून जिवंत ठेवलेलं. 'तेच खमीर, तीच चव' असं पाटीवरच लिहिलं होतं. "खमीर मेलं की दुकान बंद," हा आजोबांचा शब्द, आणि त्या शब्दापुढे बाबा कुणाचंही ऐकणारे नव्हते. बरणीसुद्धा आजोबांनी ठेवली त्याच फळीवर राहायची. मुलीच्या जन्माच्या वर्षी फळीखाली मोठी नवी भट्टी आली, पण फळी काही हलली नाही. थंडीत आत्या त्या फळीवर हात शेकायची. बरणीला हात लावायचा मान मात्र एकट्या बोलक्यांचा.

आज बाबा ती बरणी सगळ्यांसमोर उघडून मुलीच्या हाती देणार होते. दुकान तिचं होणार होतं. लहानपणापासून तिला दुसरं काही नकोच होतं.

"काय गं, भूत पाहिलंस का?" आत्या आत येत म्हणाली.

मुलीनं बरणी पुढे केली. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"तुझा बाप आजच कुलूप ठोकेल बघ! आता तो बोलक्याही नाही. नाहीतर त्यानं घरी पळवलेलं तरी परत मागितलं असतं. डब्यातून रोज न्यायचा मेला. समोरच्या बेकरीला पोचवत असणार, मी तेव्हाच सांगत होते."

मुलगी ताडकन उठली. डबा!

बोलक्यांचा कडीचा डबा सगळ्या गावाला ठाऊक होता. सकाळी ते तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरून आणायचे. दुपारी दुकानातलाच पाव चहात बुडवून खायचे. संध्याकाळी डबा पिशवीत टाकायचे आणि आतला चमचा खुळखुळ वाजवत घरी जायचे. त्या चमच्याला खमिराचा वास येतो, हे आत्यानंच एकदा हुंगून शोधलं होतं आणि भर दुकानात त्यांना चोर म्हटलं होतं. बोलक्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. मान खाली घालून पुन्हा पीठ मळायला लागले.

"आत्या, तुझ्या तोंडात साखर पडो!" असं म्हणत मुलगी धावत सुटली.

वाटेत चपलेचा अंगठा तुटला, तर चपला हातात घेऊन ती पळाली. बोलक्यांची बायको अंगणात कपडे वाळत घालत होती.

"काकू, काका घरी खमीर ठेवायचे का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

काकूंनी हातातलं कापड दोरीवर टाकलं. "आहे," एवढंच म्हणाल्या. त्याही बोलक्यांच्याच बायको.

स्वयंपाकघराच्या गार कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बरणी होती. दुकानातल्या बरणीच्या दुप्पट. आत खमीर टम्म फुगलं होतं, बुडबुडे फुटत होते. मुलीनं काकूंना मिठीच मारली.

काकूंनी तोच कडीचा डबा भरला. "दोन्ही हातांनी धर. हिंदकळलं की बसतं."

मग काय विचारता! दुकानातली बरणी घासली गेली, भरली गेली आणि बाबांनी मधेच उघडू नये म्हणून मागच्या खोलीत गार फरशीवर लपवली गेली. मुलीनं पीठ मळलं, आत्यानं भट्टी पेटवली. चार वाजता पाव असे टरारून फुगले की आत्यानं चक्क टाळ्या पिटल्या. पाचला पाच कमी असताना बरणी फळीवर गेली.

बाबांनी झाकण उघडलं. सगळे माना उंचावून बघत होते. त्यांनी डोळे मिटून वास घेतला, पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि उरलेला पाव उंच धरला.

"हीच! माझ्या वडिलांची चव! बोलक्यानं ती शेवटपर्यंत जपली."

बरणी मुलीच्या हातात आली. तिचा जीव भांड्यात पडला. टाळ्या थांबता थांबेनात.

माणसं पांगल्यावर ती आत्याला ओढतच, घरी निघालेल्या काकूंकडे घेऊन गेली. आत्याचे डोळे लाल झाले होते.

"वहिनी, मी त्यांना चोर म्हटलं हो. आमच्यासाठीच नेत होते ते."

"खरंच काकू," मुलगी म्हणाली, "रोज संध्याकाळी काका आमचं खमीर घरी नेत होते, म्हणून आज दुकान वाचलं."

काकूंनी रिकामा डबा पिशवीत टाकला. आत चमचा खुळखुळला.

"नेत कुठे होते गं? नवी भट्टी आली त्याच आठवड्यात तुमच्या आजोबांचं खमीर शिजून गेलं. त्या फळीवर संध्याकाळपर्यंत काही जगतच नाही. हा डबा घरी रिकामाच यायचा, पोरी. रोज सकाळी भरून जायचा, माझ्या आईच्या बरणीतून."